वरचा रंग आणि आतले लोखंड

जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे चकचकीत बॉनेट, आरशासारखा बंपर आणि कोरी करकरीत सीटकव्हरे उभी राहतात. प्रदर्शनात लोक गाडीभोवती फिरतात, दरवाजात आपले प्रतिबिंब पाहतात आणि पुढे जातात. वाकून गाडीच्या खाली सहसा कोणी पाहत नाही. पण त्या गाडीत बसून जो माणूस घाट उतरणार असतो, त्याचा जीव खालच्या दहा-पंधरा काळ्या लोखंडी तुकड्यांच्या हवाली असतो. चाकांना गाडीच्या अंगाशी बांधून ठेवणारे आणि रस्त्याचे धक्के सोसणारे हे भाग म्हणजेच सस्पेन्शन. या भागांना ब्रशाने रंग देण्याऐवजी त्यांचे ‘पावडर कोटिंग’ करून घेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. हे पावडर कोटिंग म्हणजे नेमके काय, ते कसे करतात, कोठे करावे आणि कोठे करू नये, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कला शाखेच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, जुने लोखंड नवे करताना जो प्रश्न पडतो तोच प्रश्न जुनी पोथी, जुने देऊळ किंवा जुने चित्र दुरुस्त करणाऱ्यालाही पडत असतो. काय पुसायचे, काय झाकायचे आणि काय तसेच राहू द्यायचे? मोटारीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर चुकले तर केवळ सौंदर्याची हानी होऊन भागत नाही, एवढाच काय तो फरक.

उदाहरणाची गाडी

विवेचन हवेत राहू नये म्हणून आपण एक ओळखीची गाडी समोर ठेवू. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे घराघरांत ठाऊक झालेली प्रीमियर पद्मिनी ही ती गाडी. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिने कुर्ल्याच्या कारखान्यात गाड्या बांधल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि तीच गाडी नाव बदलत बदलत १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरात झाली होती. त्यामुळे २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. ज्या पद्मिनी आज उरल्या आहेत त्या हौशी मालकांच्या घरी आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींचा जीर्णोद्धार चालू असतो.

या गाडीची पुढची चाके प्रत्येकी स्वतंत्रपणे वरखाली होतात. प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म असतो व त्यांच्या जोडीला गुंडाळीची स्प्रिंग असते. मागे एकसंध आस असून ती पोलादी पाट्यांवर बसवलेली असते. बैलगाडीत धक्का थेट पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो आणि येथे तो मधल्या मध्ये जिरतो, याचे श्रेय या आर्म, स्प्रिंग, पाटे व शॉकअब्सॉर्बर यांना आहे. आणि सगळ्यात जास्त मारही यांनाच बसतो. पावसाळ्यातला चिखल, चाकाने उडवलेली खडी, समुद्रकाठची खारी हवा यांमुळे वरचा रंग उडतो आणि उघड्या पडलेल्या लोखंडाला गंज चढतो. कोपऱ्यात चिखल अडकून राहिला की तो भाग पाऊस संपला तरी दिवसेंदिवस ओलाच राहतो आणि आतल्या आत कुजतो.

पावडर चिकटते कशी?

साध्या रंगात रंगद्रव्य, त्याला बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य आणि पातळ करणारे थिनर असते. थिनर उडून जाते आणि रंग वाळतो. पावडर कोटिंगमध्ये थिनर मुळीच नसते. राळ आणि रंगद्रव्य एकत्र वितळवून, थंड करून त्यांची मैद्यासारखी बारीक भुकटी केलेली असते. या विद्येची सुरुवात जर्मनीत झाली. एर्विन गेमर या संशोधकाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तापवलेली वस्तू हवेने घुसळणाऱ्या भुकटीच्या हौदात बुडवण्याची रीत काढली. पुढे १९६० नंतर विजेच्या साहाय्याने भुकटी फवारण्याची पद्धत आली. आजच्या बहुतेक कारखान्यांत हीच पद्धत चालते.

शाळेत आपण सर्वांनी केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलले आहेत. तत्त्व तेच. फवारणीच्या बंदुकीच्या टोकाशी काही दशसहस्र व्होल्टचा दाब असतो. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कणावर विद्युत्भार चढतो. ज्या भागावर लेप द्यायचा तो लोखंडी आकड्याला टांगून जमिनीशी जोडलेला, म्हणजे अर्थ केलेला असतो. कण त्याच्याकडे ओढले जातात, वळसा घेऊन मागच्या बाजूलाही बसतात. या अवस्थेत ती नुसती भुकटीच असते. बोट लावले तर निघून येते. मग तो भाग भट्टीत जातो. तेथे भुकटी वितळते, एकजीव होते आणि तिच्यात रासायनिक बदल होऊन कायमची घट्ट होते. पुन्हा तापवले तरी ती मेणासारखी वितळत नाही. तयार झालेला थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. हा थर चिवट असतो, बारीक खडीच्या माऱ्याला साध्या रंगापेक्षा चांगला टिकतो आणि ग्रीस, तेल यांना दाद देत नाही.

मात्र या पद्धतीला एक मर्यादा आहे. आतल्या खोल कोपऱ्यांत भुकटी सहजासहजी शिरत नाही. धातूच्या पिंजऱ्याच्या आत बाहेरच्या विजेचा प्रभाव पोहोचत नाही, हे मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली दाखवून दिले होते. आर्मच्या दुमडलेल्या पत्र्यात किंवा स्प्रिंग बसते त्या वाटीच्या तळाशी थोड्याफार प्रमाणात हेच घडते. म्हणजे जेथे चिखल साचतो नेमके तेथेच भुकटी कमी बसते! म्हणून जाणता कारागीर व्होल्टेज कमी करून आधी कोपरे भरून घेतो आणि मग सपाट भागाकडे वळतो. धारदार कडेवरूनही वितळलेला लेप मागे सरतो आणि तेथे तो पातळ राहतो, म्हणून कडा कानशीने थोड्या गोल करून घ्याव्या लागतात.

कल्हईवाल्याचा धडा

पूर्वी गल्लोगल्ली कल्हईवाला येत असे. त्याची भट्टी ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल की, कथील लावण्याचे काम क्षणभराचे असे. खरा वेळ जाई तो भांडे घासून स्वच्छ करण्यात. तापलेल्या भांड्यात तो नवसागर फिरवी. त्याने उरलासुरला मळ निघून जाई आणि मगच कथलाचा हात फिरे. मळक्या भांड्यावर कल्हई धरत नाही, हे त्याला कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

पावडर कोटिंगचेही तसेच आहे. सुटे केलेले भाग आधी तेल-ग्रीस निघेपर्यंत धुतात. रबरी बुश, सांधे, सील, बेअरिंग हे सर्व काढून टाकावे लागते, कारण भट्टीच्या उष्णतेत त्यांची वाट लागते. नंतर जुना रंग आणि गंज काढण्यासाठी बारीक पोलादी कणांचा जोराचा मारा करतात. याला आजही सॅन्ड ब्लास्टिंग म्हणण्याची पद्धत आहे, पण खरी वाळू वापरणे घातक होय. तिची धूळ फुप्फुसात साचून कारागिराला सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. आपल्या हौशीची किंमत दुसऱ्याने श्वासाने चुकवावी हे कोणत्याही न्यायाने योग्य नाही. मारा करून झालेले लोखंड राखी रंगाचे, किंचित खरखरीत दिसते. ते दमट हवेत उघडे ठेवले तर काही तासांत पुन्हा तांबूस होते, म्हणून पुढचे काम त्याच दिवशी उरकावे लागते.

पुष्कळ कारखान्यांत ‘सात टाक्यांची’ पद्धत असते. त्यात तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटचा थर देणे वगैरे क्रिया एकामागून एक टाक्यांत होतात, आणि मधून मधून पाण्याने धुणे असते. पत्र्याची कपाटे, खिडक्यांचे गज यांच्यासाठी ही पद्धत उत्तम आहे. परंतु गंज काढण्याच्या टाकीत आम्ल असते. कडक पोलादाची स्प्रिंग या आम्लात बुडवली तर हायड्रोजनचे सूक्ष्म अणू पोलादात शिरतात आणि ते ठिसूळ होते. वरून काहीही दिसत नाही. स्प्रिंग गाडीत बसते, गाडी चालू लागते आणि काही दिवसांनी ती स्प्रिंग एकाएकी मोडते. जास्त ताणाच्या बोल्टांचेही असेच. म्हणून काम देताना प्रत्येक भागाला तारेने चिठ्ठी बांधून ‘आम्लात बुडवू नये’ असे स्पष्ट लिहून द्यावे. कारागीर रोज कपाटे रंगवतो. आपल्या हाती आलेले वेटोळे गाडीचे वजन तोलणार आहे, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळायचे कसे?

झाकण्याआधी पाहावे

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. लोखंड एकदम मोडत नाही. वर्षानुवर्षे लाखो वेळा वाकून सरळ झाल्यावर एखाद्या भोकाच्या कडेला, वेल्डिंगच्या टोकाशी किंवा गंजाने पडलेल्या खड्ड्यात केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू पुढे सरकते. याला धातूचा थकवा म्हणतात. ही भेग उघड्या लोखंडावरच सापडण्याची शक्यता असते. चिवट, जाड, एकसारखा काळा लेप तिच्यावर बसला की ती दिसेनाशी होते. भेग मात्र थांबत नाही. लेप तिला जोडत नाही, तिची वाढ रोखत नाही, फक्त तिच्यावर पडदा टाकतो. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

म्हणून धुणे व मारा झाल्यानंतर आणि लेप देण्यापूर्वी थांबून तपासणी केलीच पाहिजे. तिचा एक सोपा प्रकार असा: तपासायच्या भागावर पातळ लाल द्रव लावतात. तो अंगच्या केशाकर्षणाने भेगेत शिरतो. काही मिनिटांनी वरचा द्रव पुसून काढतात आणि त्यावर पांढरी खडूसारखी भुकटी फवारतात. भेग असेल तर आत लपलेला लाल द्रव भुकटीत झिरपून वर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. खडीच्या माऱ्याने कधी कधी भेगेचे तोंड ठेचून बंद होते, म्हणून शंकास्थानी हा तपास माऱ्याच्या आधीही करणे शहाणपणाचे. याखेरीज उजव्या व डाव्या बाजूचे आर्म शेजारी शेजारी ठेवून मापे जुळवावीत. एखादा आर्म पूर्वीच्या अपघातात वाकलेला असेल तर तो येथे कळतो. गंजाने पत्रा कोठे पातळ झाला आहे तेही आताच पाहावे. लाल रेघ दिसली तर तो भाग बाजूला टाकावा. हौशी माणसाला ही गोष्ट जड जाते, कारण मूळ भाग दुर्मिळ असतात. पण जेथे मूळ भागाचा अभिमान आणि माणसाचा जीव यांची तुलना होते तेथे विचार करायला जागा उरत नाही.

कोठे लेप नको

पुढची पायरी म्हणजे जेथे लेप नको तो भाग झाकून घेणे. बोल्टांचे आटे, बुश बसतात ती भोके, सांध्यांच्या निमुळत्या जागा, बेअरिंगच्या बैठका या ठिकाणी सिलिकॉनची बुचे आणि उष्णता सोसणारी पट्टी लावतात. बोल्टचे डोके किंवा वायसर जेथे टेकतो ती जागाही उघडीच हवी. तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. घट्ट आवळलेला बोल्ट किंचित ताणलेला असतो आणि त्या ताणामुळेच जोड पक्का राहतो. हा ताण मिलीमीटरच्या अगदी लहान अंशाचा असतो. डोक्याखाली लेपाचा थर असेल तर तो दाबाखाली हळूहळू चेपला जातो आणि तेवढ्यानेही ताण सुटतो. मेस्त्रीने पाना घट्ट फिरवलेला असतो, तरीही महिन्याभराने बोल्ट ढिला होतो, आणि दोष मेस्त्रीच्या माथी बसतो.

मागच्या पाट्यांचाही निराळा विचार करावा लागतो. पाटे एकमेकांवर घासत काम करतात. त्यांच्यावर जाड लेप दिला तर तो घासून निघतो, त्याचे तुकडे मध्ये अडकतात आणि आत पाणी धरून ठेवतात. तेथे साधा पातळ रंग आणि पाट्यांच्या मध्ये ग्रॅफाइटचे ग्रीस हीच जुनी पद्धत बरी. नव्याचे कौतुक असावे, पण जुने सगळेच टाकाऊ नसते.

भट्टीतली परीक्षा

भट्टीचे तापमान साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस असते आणि भुकटीच्या प्रकाराप्रमाणे दहा ते वीस मिनिटे लागतात. पण ही मिनिटे मोजायची ती भट्टीची हवा तापल्यापासून नव्हे, तर तो लोखंडी भाग स्वतः त्या तापमानाला पोहोचल्यापासून. डाळ शिजली की नाही हे चुलीतल्या जाळावरून ठरत नाही, डाळीवरून ठरते. पातळ पत्रा लवकर तापतो, जाड आर्मला बराच जास्त वेळ लागतो. दोन्ही एकाच वेळी आत टाकून एकाच वेळी बाहेर काढले तर आर्मवरचा लेप दिसायला छान आणि प्रत्यक्षात कच्चा राहतो. थिनरसारख्या द्रवात भिजवलेला कापूस घासून पाहिला की कच्चा लेप मऊ पडतो किंवा त्याचा रंग कापसाला लागतो.

एवढ्या उष्णतेने स्प्रिंगचे पाणी उतरेल का, अशी शंका साहजिक आहे. स्प्रिंगच्या पोलादाला पाणी देताना त्याला याहून पुष्कळ जास्त, म्हणजे सामान्यतः ४०० अंशांच्या आसपास किंवा त्याहून अधिक उष्णता दिलेली असते. त्यामुळे २०० अंशांपर्यंत भीती नाही. परंतु पुढे कधी हा लेप काढायची वेळ आली आणि कोणी तो मोठ्या भट्टीत जाळून काढू लागला, तर मात्र स्प्रिंग कायमची बिघडू शकते.

दोन थर देणे अधिक चांगले. आत जस्तयुक्त किंवा इपॉक्सीचा थर गंजाला रोखतो. इपॉक्सी उन्हात भुरकट पडते, पण गाडीखाली ऊन लागत नसल्याने ती उणीव येथे फारशी जाणवत नाही. वर पॉलिएस्टरचा थर द्यावा. रंग काळाच, आणि तोही फार चकचकीत नसलेला बरा. कारखान्यातून निघालेल्या गाडीचे हे भाग दागिन्यासारखे चमकत नव्हते.

सर्व भाग जुळवतानाही एक पथ्य आहे. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी राहून तिचे वजन पडल्यावर. चाके लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. पुढे दर पावसाळ्यानंतर गाडीखाली एकदा डोकावावे. लेप कोठे टवका उडून निघाला असेल तर त्या जागेतून पाणी आत शिरते आणि लेपाखाली गंज सरपटत जातो. वरून सर्व ठीक दिसत राहते. साधा रंग निदान फुगून, पापुद्रे काढून लवकर बोभाटा करतो. पावडरचा लेप बराच काळ गप्प राहतो.

जीर्णोद्धार की नवनिर्माण?

शेवटी आरंभी काढलेल्या प्रश्नाकडे वळू. प्राचीन वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिस येथे एक सनद तयार झाली. जेथे केवळ अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असा तिचा एक दंडक आहे. जुन्या वस्तूवर आपण जे करू ते पुढच्या पिढीला उलटवता यावे, असेही जतनाच्या क्षेत्रात मानले जाते. या कसोटीवर पावडर कोटिंग पुरते उतरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ब्रशाचा रंग खरवडता येतो, हवा तेथे पुन्हा लावता येतो. पावडरचा लेप काढणे कष्टाचे असते, आणि तो देण्यापूर्वी खडीच्या माऱ्याने कारखान्यातला मूळ रंग, त्यावरच्या खुणा, शिक्के हे सारे नाहीसे झालेले असते.

म्हणून गाडी कशासाठी राखायची आहे हे आधी ठरवावे. एखाद्या गाडीवर मूळ कारखान्याचा रंग खालपर्यंत शाबूत असेल, तर ती चालता-बोलता दस्तऐवज आहे. तिचे भाग धुऊन, तपासून, तेलाचा हात देऊन तसेच ठेवणे हेच उचित. पण ज्या गाडीने वीस वर्षे टॅक्सी म्हणून मुंबईचे पावसाळे अंगावर घेतले, जिच्या खालचा रंग केव्हाच गेला, आणि जी पुन्हा रस्त्यावर माणसे घेऊन धावणार आहे, तिला हा चिवट लेप खुशाल द्यावा. देण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे, शिक्के व आकडे वहीत उतरवून ठेवावेत. पुढे कोणी अभ्यासू येईल त्याला निदान वहीत तरी जुनी गाडी भेटेल.

तात्पर्य काय, पावडर कोटिंग ही उत्तम विद्या आहे, पण ती संरक्षणाची विद्या आहे, दुरुस्तीची नव्हे. निरोगी लोखंडाला ती दीर्घायुष्य देते आणि आजारी लोखंडाचा आजार लपवते. या दोहोंतला फरक यंत्राला कळत नाही. तो लेप देण्यापूर्वी उघड्या लोखंडावर लाल रेघ शोधणाऱ्या माणसालाच कळतो. आपण कोणी विकत घेण्यासाठी जुनी गाडी पाहायला गेलो आणि मालकाने खालचे चकाकते काळे भाग कौतुकाने दाखवले, तर कौतुक जरूर करावे. पण त्याबरोबर एवढे विचारावे की, लेप देण्याआधी हे भाग कोणी तपासले आणि त्या वेळची छायाचित्रे कोठे आहेत? ज्याने काम मनापासून केले असेल तो आनंदाने वही उघडील.